उस्मानाबादच्या ३१,४८८ बायका : न तपासणं बरोबर होतं का?

सीनाकाठ
दोन दिवस एक आकडा डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गावांनुसार चार गट पाडले. एकाची एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो तो शोधणारी), एकाची पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), एकाची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींची तपासणीच नाही. आठ वर्षांत एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ जणी गेल्या, चौथ्या गटात ६४. पॅप तर अमेरिकेत कित्येक दशकं होत होती. तिथल्या बायकांचा असा गट कुणी करू दिला असता?

बोरूबहाद्दर
त्याच अभ्यासात पुढे काय आहे ते सोडलंत. पॅप आणि व्हिनेगर या दोन्ही गटांत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. म्हणजे १९९९ मध्ये, अभ्यास सुरू झाला तेव्हा, तुमच्या मताप्रमाणे सगळ्यांची पॅप केली असती, तरी फारसं हाती लागलं नसतं. हे कळलं ते चौथा गट होता म्हणूनच.

सीनाकाठ
अहो, पॅप एकदाच केली! ती ठरावीक वर्षांनी परत परत करायची असते. एकदा करून 'उपयोग नाही' म्हणणं म्हणजे एकदा जेवून भूक का लागते विचारण्यासारखं.

निवृत्त_सिस्टर
परत परत करण्याचं मुंबईत झालंय. वस्त्यांमध्ये साध्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली, चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिथेही तुलनेचा गट होताच बरं का.
मी शिबिरांत काम केलंय, दुसऱ्या जिल्ह्यात. बाई टेबलावर येईपर्यंत अर्धा दिवस जातो. "मला काही त्रास नाही, मग कशाला दाखवू?" आणि बाहेर सासू बसलेली. एकदा आलेली बाई दोन वर्षांनी परत येईल असं धरून चालणाऱ्याने एकदा शिबिरात येऊन बसावं. अशा ठिकाणी एकाच चाचणीत भागतं का, हे बघणं मला तरी गैर वाटत नाही.

सीनाकाठ
बायका येत नाहीत, म्हणून ज्या आल्या असत्या त्यांनाही बोलवायचं नाही?

बोरूबहाद्दर
त्या गावांत त्याआधी कोण बोलावत होतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही नाहीत. राग काढायचा तर तो इथे काढा. संशोधकांनी निदान मोजलं तरी.

सीनाकाठ
एकदाच्या पॅपपुरतं तुमचं मान्य. सरकारवरचा रागही मान्य, त्यावर वेगळा धागा काढा, पहिली मी येईन. पण आधी कुणी बोलावत नव्हतं म्हणून आठ वर्षं आपणही बोलावलं नाही, हे अजून पटत नाही.