काटा बघा, मग दिवे
दादा, सीएनजी भरल्यावर गाडीतल्या गॅसच्या स्विचवर, किती गॅस उरला ते दाखवणारे रात्री चार दिवे आणि सकाळी तीन दिसले, एवढ्यावरून स्विच बदलायला जाऊ नका. सीएनजीत मोजला जातो तो दाब. भराभर भरताना टाकीतला गॅस तापतो, पंपावर २०० बार (दाबाचं माप) दिसतात. गाडी निवली की दाब उतरतो, गॅस तेवढाच असतो. बडोद्याच्या मे महिन्यात तर हे होणारच.

सकाळी थंड गाडीचं बॉनेट उघडून रेग्युलेटरजवळचा (गॅसचा दाब कमी करून इंजिनाला देणारा भाग) दाब दाखवणारा गोल काटा वाचा. काटा वर आणि दिवे कमी, तर दिव्यांना दाब कळवणाऱ्या सेन्सरची वायर किंवा कनेक्टर तपासा. पिनांवर हिरवट गंज चढलेला असतो बऱ्याचदा. पण उभ्या गाडीत काटाच रोज उतरत असेल तर गळती समजा. टाकीचा वॉल्व्ह बंद करा आणि जाणकार मेकॅनिकला घरी बोलवा. यात हयगय नको.