एवढी बारीक तार हाडातला दात सरकवते तरी कशी?

फोंड्याहून एक आई
माझ्या १३ वर्षांच्या मुलीच्या दातांना गेल्या आठवड्यात तार बसवली. वरचे दोन्ही सुळे ओळीबाहेर आहेत. पहिले दोन दिवस तिने पेजेवरच काढले. दीड-दोन वर्षे लागतील, असे डॉक्टर म्हणाले. तार अधिक घट्ट करून हे काम लवकर का उरकता येत नाही, हे कोणी समजावून सांगेल का?

दंतवैद्य, म्हापसा
ताई, दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्यावर तोललेला असतो. दातांवर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांच्या, म्हणजे ब्रॅकेटच्या, खाचांतून सुरुवातीला बहुधा निकेल-टायटॅनियमची तार ओवतात. वेड्यावाकड्या दातांना बांधली तरी ती आपला कमानीचा आकार विसरत नाही आणि त्या आकाराकडे परतताना दातांना हलका, पण अखंड रेटा देत राहते. दात ज्या बाजूला रेटला जातो, तिथे तंतू दाबले जाऊन हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. उलट बाजूला तंतू ताणले जातात आणि तिथे नवे हाड भरत येते. वाट शरीरच करून देते, आणि तीही महिन्याला साधारण एक मिलिमीटर.

रेटा फार वाढवला, तर दाबलेल्या तंतूंचा रक्तपुरवठा थांबतो, तिथल्या पेशी मरतात, दात काही आठवडे जागीच अडतो आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून कृपया घाईचा आग्रह धरू नका. दुखणे आठवडाभरात ओसरते.

मडगावहून
माझी तार निघून तीन वर्षे झाली. तार असताना जत्रेतले खाजे चावून एक ब्रॅकेट सुटले होते. मी महिनाभर दाखवले नाही आणि जागेवर आलेला तो दात पुन्हा वळला. पुढे तार निघाल्यावर दात जागी धरून ठेवायला दिलेला रिटेनर वसतिगृहात डबीतच पडून राहिला. चार महिन्यांनी घालू गेले, तर तो बसेचना.

दंतवैद्य, म्हापसा
असे होते, कारण हाड भरले तरी हिरडीतले लवचिक तंतू जवळजवळ वर्षभर दाताला जुन्या जागी ओढत असतात. ताई, मुलीला खाजे आणि चिक्की तूर्त देऊ नका. कांकणे (बांगडीसारखे कडक पाव) चहात पूर्ण भिजवूनच द्या. ब्रॅकेट हलताना दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.