उमेश वलनीचा, वसंतराव मूर्तिजापूरचे, मंग सगळ्यायच्या नावाखाली नागपूर काहून?

कापूसवाला:
आमच्या गावच्या वाचनालयाची भिंत पोळ्याच्या आधी रंगवाची हाये, त्याच्यावर विदर्भातले कलाकार अन् खेळाडू काढाचं ठरलं. पोट्ट्यायनं यादी केली, यादी एक नंबर, पण सगळ्यायच्या नावाखाली गाव एकच, नागपूर. काहून बावा? उमेश यादव वलनीच्या कोळसा खाणीच्या वस्तीत वाढला, बाप खाणीत कामाले, अन् विदर्भाकडून खेळून टेस्टपर्यंत गेलेला पयला माणूस तो. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. सुरेश भट अमरावतीचे, पण त्यायच्या नावाचं सभागृह रेशीमबागेत हाये म्हणून पोट्ट्यायले वाटते ते नागपूरचेच. संत्र्याचं तेच झालं ना, पिकते वरुड-मोर्शीत अन् विकते नागपुरी म्हणून. माझं म्हणणं सीधं हाये, जन्मगाव लिहा.

ऑरेंज सिटीवाला:
अबे भाऊ, कुठं जन्माला यायचं हे काय त्यांच्या हातात होतं का? वसंतराव लहानपणी नागपुरात आले, शंकरराव सप्रेंकडे गाणं शिकले म्हणून वसंतराव झाले. उमेश वलनीत टेनिस बॉलनं खेळायचा, लेदर बॉल, क्लब, सिलेक्शन हे सगळं कुठं होतं? आणि दिव्या देशमुख तरी सोडा आम्हाला. 2025 ला बटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप आणला 19 वर्षांच्या पोरीनं, देशाची 88वी ग्रँडमास्टर झाली.

कापूसवाला:
दिव्यावर कोण हक्क सांगून रायला, ती नागपूरचीच, लिहा मोठ्या अक्षरात.

रिटायर मास्तर:
ऑरेंज सिटीवाले दादा, "शिकले ते गाव" हा नियम धरला तर ओजस देवतळे तुमच्या हातून गेला म्हणून समजा. पोरगा नागपूरचा, पण तिरंदाजीचा सराव साताऱ्यात, 2023 ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनलमध्ये 150 पैकी 150 मारले आणि त्याच वर्षी हांगझोच्या एशियन गेम्समध्ये 3 गोल्ड. लिहायचं का मग त्याच्याखाली सातारा? नियम आपल्या सोयीनं फिरवू नये एवढंच.

ऑरेंज सिटीवाला:
सर ओजस आमचाच 😄 पण रणजीचं बोला ना. विदर्भानं 2017-18 ला इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीला हरवलं, गुरबानीची हॅटट्रिक, मग 2018-19 ला जिंकलो, मग 2024-25 ला, त्यात हर्ष दुबेच्या एका सीझनमध्ये 69 विकेट, रेकॉर्ड. हे खेड्यात बसून होते का?

कापूसवाला:
जिंकलेल्या शेवटच्या दोन्ही फायनल जामठ्याले झाल्या, अन् जामठा वर्धा रोडवरचं गाव हाये, तेबी घेतलं का तुमी?

अमरावतीची सून:
तुम्ही दोघं भांडत बसा, अमरावतीचं नावच नाही यादीत. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, 1936 ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली मुलं देशी खेळ दाखवून आली, कबड्डी बघितली जर्मन लोकांनी. तुकडोजी महाराज यावलीचे, गुरुकुंज मोझरीचे, त्यांच्या खंजिरीपुढे नागपूर काय आणि मुंबई काय. त्यांच्या नावाखाली जर नागपूर लिहिलं असेल तर भाऊ आजच पुसा ते.

झाडीचा पोट्टा:
यादी पायली, आमचा एकबी मानूस नाई. झाडीपट्टी म्हनजे आमचा पूर्व विदर्भ, तिथलं नाटक काय चीज हाये ते नागपूरच्या लोकायले तवा समजलं जवा 2023 ले परशुराम खुने यायले पद्मश्री भेटली. ते गडचिरोली जिल्ह्याचे. आमच्याकडं दिवारी झाली, धान घरी आलं का मंडई लागते, लेकी-जावई येतात, अन् रातभर नाटक. वडशाले कंपन्यायचे ऑफिस हायेत, तिथं जाऊन बुकिंग करा लागते, चांगल्या तारखा आधीच जातात. रिकाम्या बांधीत शामियाना, स्टेजच्या म्होरं खड्डा करून त्यात पेटी-तबलावाले बसतात, मांगं रंगवलेले पडदे, एक वर गेला का जंगल, दुसरा वर गेला का वाडा. दहाले सुरू होते अन् पाखरं बोलाले लागले का मंग बाया झोपलेले लेकरं खांद्यावर टाकून घरी. तिकीट काढून येतात हो लोक, फुकट नाई. तुमच्या नागपूरच्या महोत्सवात पासवर येते मानूस अन् अर्ध्यातून उठून जाते.

ऑरेंज सिटीवाला:
दादा हे मात्र खरं आहे, पासवाले पार्किंगच्या गर्दीच्या भीतीनंच निघतात 😂 पण सणांचं तरी माना. मारबत फक्त नागपूरची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, निघतात, इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, सोबत बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे, त्यांच्या गळ्यात महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या नावाच्या पाट्या. दीडेकशे वर्षं होत आली. असं कुठं आहे का दुसरीकडं?

वावरातली ताई:
फक्त नागपूरची म्हणे! आमच्याकडे पोळ्याले दारात पळसाच्या फांद्यायचे मेढे ठेवतात, दुसऱ्या दिवशी पहाटे लेकरं ते उचलून "माश्या मोंगसं घेऊन जा गे मारबत" करत शिवेबाहेर टाकून येतात. तुमची काळी-पिवळी मोठी असन, मिरवणूक मोठी असन, टीव्हीवाले येत असन, पण "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी सगळ्या गावाची हाये. हां, पुढाऱ्याचा बडग्या काढाची हिंमत मात्र नागपूरवाल्यायचीच, गावात तसं केलं तं सरपंच दुसऱ्या दिवशी नळ बंद करन.

रिटायर मास्तर:
ताई 🙏 मी म्हणतो भिंतीवर दोन्ही गावं लिहा. वसंतरावांच्या खाली मूर्तिजापूर आणि नागपूर, उमेशच्या खाली वलनी आणि नागपूर. भांडणच मिटलं.

अमरावतीची सून:
वसंतराव पुढं पुण्याला गेले, मग पुणं पण?

रिटायर मास्तर:
पुणेकर स्वतःच येऊन लिहून जातील, त्यांची काळजी आपण करू नये.

कापूसवाला:
मास्तर, दोन-दोन गावं लिहाले माझी ना नाई, पण पेंटर अक्षरावर पैसे घेते अन् ग्रामपंचायतीनं मंजूर केलं ते फक्त रंगाचं. खुने साहेबायचं चित्र मी वाढवून घेतो, तुकडोजी महाराजायच्या खालचं नागपूर आज संध्याकाळीच पुसतो. बाकी ज्याले ज्याले नागपूर लिहून पायजे त्यानं अक्षराचे पैसे पाठवा, नाव पाच अक्षराचंबी नाई, परवडन तुमाले.

ऑरेंज सिटीवाला:
किती रुपये अक्षर? काना-उकार वेगळे मोजतो का तो?