युरोपातली मोटरहोम सहल आणि नॅव्ही: तुमचे अनुभव लिहा

राइनकाठी
काल नवऱ्याच्या मित्राचा फोन आला होता. उन्हाळ्यात त्याचे आईबाबा नाशिकहून येतायत, मोटरहोम (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, कॅम्परही म्हणतात) भाड्याने घेऊन ऑस्ट्रियावरून इटलीत उतरायचं ठरलंय. "वहिनी, नॅव्ही, म्हणजे रस्ता सांगणारं यंत्र, कुठला घेऊ? की फोनवर भागतं?" त्याचं ऐकता ऐकता मला जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यातलं ते गाव आठवलं.

द्राक्षमळ्यांतून उतरणारा रस्ता गावात शिरला आणि दोन्ही बाजूंची जुनी, लाकडी चौकटींची घरं जवळजवळ येत गेली. खाली चाकांना जागा होती. पण त्या घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले असतात, आणि आमच्या गाडीचा ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंगाचा भाग नेमका त्याच उंचीला. फोन आपला "सरळ जा" म्हणतोय. समोरच्या घरातल्या आजी ॲप्रनला हात पुसत बाहेर आल्या, मागून येणाऱ्या गाडीला त्यांनी थांबवलं आणि हाताने खुणा करत अख्खी गल्ली आम्हाला रिव्हर्समध्ये बाहेर काढलं. सासूबाई मागच्या खिडकीतून "येऊ द्या, अजून येऊ द्या" करत होत्या. दोघींची भाषा वेगळी, काम एकच.

फोनवरच्या नेहमीच्या नकाशात गाडीची उंची भरायची सोयच नाही. त्याच्या लेखी छोटी पोलो आणि ३ मीटर उंचीचं चाकांवरचं घर एकच. कॅम्परसाठीच्या नॅव्हीत उंची, रुंदी, लांबी, वजन भरता येतं आणि तो त्याप्रमाणे वाट काढतो. माझ्या मते निवड करताना हे आधी बघावं, बाकी सगळं नंतर.

तुम्ही काय वापरता? गार्मिन कॅम्पर, टॉमटॉम गो कॅम्पर, की फोनवर सिजिकचं ॲप? म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्याला उपयोगी पडेल असं लिहा.

दख्खनचा_दादा
गार्मिन कॅम्पर. मोठा स्क्रीन घ्या, ७ इंचाच्या खाली जाऊ नका. सविस्तर रात्री लिहितो, लेकीला स्विमिंगला सोडायचंय.

वेल्सकर
आजींना माझा नमस्कार सांगा ताई, अशी माणसं भेटतात म्हणून प्रवास होतो.

आमच्याकडे ब्रिटनमध्ये बऱ्याच पुलांवरच्या पाट्या अजून फूट-इंचातच, गाडीचे कागद मीटरमध्ये. ऐन पुलासमोर ३.०५ मीटर म्हणजे किती फूट हा हिशेब कोण करणार? (१० फूट.) आम्ही दोन्ही आकडे जाड मार्करने लिहून सन व्हायझरवर चिकटवलेत. नॅव्ही असला तरी ही चिठ्ठी हवीच.

आणि रुंदी! सगळे उंचीबद्दल बोलतात. इथे वस्त्यांमधून ६ फूट ६ इंचाचे अडथळे असतात, दोन्ही बाजूंना लोखंडी खांब. म्हणजे १.९८ मीटर. मोटरहोमची नुसती बॉडीच २.३ च्या आसपास असते. डेव्हन-कॉर्नवॉलकडच्या गल्ल्या तर दोन्ही बाजूंनी उंच बांधांच्या, समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे जायचंच. रुंदी भरता येत नसेल तो नॅव्ही घेऊ नका.

हडपसर_ते_हेग
+१ रुंदीला. आरसे धरून भरा, फक्त बॉडीची नको.

उंचीबद्दल एक महत्त्वाचं. कागदावरचा आकडा कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाचा असतो. नंतर छतावर एसी बसतो, टीव्हीची डिश बसते, सोलर बसतं. टेप घेऊन शिडीवर चढा आणि सगळ्यात उंच टोक मोजा. फ्रान्समध्ये याचा थेट खिशाशी संबंध आहे. ३.५ टनांपर्यंतची गाडी २ ते ३ मीटरमध्ये असेल तर टोलचा वर्ग २, आणि ३ मीटर गाठले की वर्ग ३. छतावरच्या एका डिशपायी वर्ग बदलतो.

शिवाय तिकडे समुद्राजवळच्या पार्किंगला आडव्या दांड्या असतात, २ मीटरच्या जवळपास. त्या दांड्या बऱ्याच नॅव्हींना माहीत नसतात. तिथे पार्क४नाइट किंवा कँपरकॉन्टॅक्ट ही ॲप उघडा, लोक फोटोसकट लिहून ठेवतात.

स्टुटगार्टची_सून
नॅव्हीचं आमच्या ह्यांच्याकडे, माझ्याकडे स्वयंपाक 🙂 आईबाबा येतायत म्हणून सांगते. कॅम्पिंगला वीज बघून घ्या. काही ठिकाणी ६ अँपियरच मिळते, म्हणजे १३८० वॅट झाले. इंडक्शन पूर्ण ठेवलं की फट्कन ट्रिप, आणि विजेचा तो खांब उघडायला ऑफिसातल्या माणसाला बोलवावं लागतं, तो जेवायला गेलेला असतो. कुकर गॅसवरच लावा. थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट सोबत असलं की सासऱ्यांचा दिवस चांगला जातो.

राजेहो_नागपूर
राजेहो, कुकरच्या शिट्टीवर शेजारचे डच काका कॅम्पर सोडून धावत आले होते आमच्याकडे! मग त्यांनाच वरणभात वाढला. दुसऱ्या दिवशी ते आम्हाला चीज देऊन गेले.

राइनकाठी
@स्टुटगार्टची_सून ६ अँपियरचं फार कामाचं सांगितलंस गं. मित्राला पाठवते. नॅव्हीवरही येऊ दे लोकहो.

आल्प्सपार
वजनावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ३.५ टन ही रेघ आहे. तिच्या खालची गाडी असेल तर ऑस्ट्रियात साधा व्हिन्येट (टोलचा पास) चालतो, वरची असेल तर गो-बॉक्स (किलोमीटरप्रमाणे टोल मोजणारं यंत्र) लावावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये खालच्या गाडीला ४० फ्रँकचा वर्षाचा व्हिन्येट, वरच्या गाडीला तो चालत नाही, जड वाहनांचं शुल्क वेगळं भरायचं. जर्मनीत ट्रकचं चित्र असलेली ओव्हरटेकबंदीची पाटी ३.५ टनांवरच्या मोटरहोमलाही लागू होते, आणि ऑटोबानवर (मोटरवेवर) तिला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा. म्हणून नॅव्हीत वजन खरं भरा. इथे वजन म्हणजे गाडीच्या कागदावरचं परवानगीचं कमाल वजन.

काही जण ट्रकचा नॅव्ही स्वस्तात मिळतो म्हणून घेतात. ३.५ टनांच्या आतल्या कॅम्परला तो ट्रकचेच नियम लावतो आणि चांगला सरळ रस्ता सोडून लांबून फिरवतो. कॅम्परचा प्रोफाइल असलेलाच घ्या.

दुसरं, स्पीड कॅमेऱ्याचे इशारे. स्वित्झर्लंडमध्ये असा इशारा देणारं यंत्र गाडीत बाळगणंच बेकायदा, जप्त करू शकतात. जर्मनीत ड्रायव्हरने वापरायला बंदी. फ्रान्समध्ये नॅव्ही नेमका कॅमेरा न दाखवता "धोक्याचा पट्टा" असं दाखवतात. बासेलच्या अलीकडे शेवटच्या पंपावर थांबलात की सेटिंगमध्ये जाऊन हे इशारे बंद करा, चालत्या गाडीत शोधत बसू नका.

वेल्सकर
@आल्प्सपार स्वित्झर्लंडचं मला ठाऊकच नव्हतं, धन्यवाद दादा. ह्यावेळी तिकडूनच जायचंय.

कोल्हापूरची_पोर
लय भारी धागा. आमची गाडी फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेली. ज्यांच्याकडे आहे त्यांना कळेल, काच इतकी पुढे आणि इतकी आडवी की काचेला नॅव्ही चिकटवला तर हात पोचत नाही. वाकून बटण दाबायचं म्हणजे सीटबेल्ट ओढून धरायचा. आणि दुपारचं ऊन स्क्रीनवर. आम्ही डॅशबोर्डच्या मधल्या कप्प्यावर स्क्रू लावून स्टँड बसवून घेतला.

रात्रीचं पण बघा. झोपताना पुढच्या काचेला आतून ती चंदेरी जाड चटई लावतो ना, थंडीसाठी? काचेवर नॅव्हीचा रबरी कप असला की रोज रात्री काढा, रोज सकाळी लावा. थंडीत काचेच्या आतून पाणी धरतं, कप ओल्या काचेवर चिकटत नाही, आणि पहिल्या वळणाला नॅव्ही आईच्या पायावर. दुकानात स्क्रीन बघता तसा स्टँडही हातात घेऊन बघा. १० इंचाचा जड असतो, त्याला स्टँड तसाच दणकट पाहिजे.

दख्खनचा_दादा
आलो. वरती बरंच लिहून झालंय. माझी भर एवढीच: कॅम्पिंगच्या पत्त्यावर विसंबू नका. गावाबाहेरच्या जागांना घर नंबर नसतो, रस्त्याचं नाव पाच किलोमीटर लांब पसरलेलं. कोऑर्डिनेट्स टाका. टाकताना पद्धत बघा, दशांशात आहेत की अंश-मिनिटांत. ४९.५० आणि ४९ अंश ५० मिनिटं या वेगळ्या जागा आहेत, उत्तर-दक्षिण ३५-४० किलोमीटरचा फरक पडतो. आणि जर्मनीत फ्रँकफुर्ट दोन आहेत, एक माइनवरचं, एक पोलंडच्या हद्दीवर ओडरकाठचं. नॅव्ही विचारतो तेव्हा घाईत पहिलं नाव दाबू नये.

गार्मिनमध्ये एसीएसआय या कॅम्पिंग-मार्गदर्शकातले कॅम्पिंग आधीच भरलेले येतात, ते मला आवडतं. टॉमटॉमची ट्रॅफिकची माहिती आवडते, धाकट्या भावाकडे तो आहे. दोन्ही चांगले.

भटकी_बाई
भाड्याची गाडी घेणाऱ्यांसाठी. गाडीतच नॅव्ही आहे असं सांगतात, तो बहुतेकदा रेडिओतला साध्या कारचा असतो. चावी घेताना तिथेच मेनू उघडून वाहनाची मापं भरायची जागा आहे का ते बघा. नसेल तर स्वतःचा न्या. आम्हाला एका ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने "सगळे असेच नेतात" म्हणून हात झटकले. तिथेच उभं राहून फोनवर सिजिकचं ट्रक-कॅरॅव्हॅनवालं घेतलं, मापं भरली, मगच गाडी काढली. बिनपैशात हवं असेल तर ओस्मअँड या ॲपमध्येही उंची-वजन भरता येतं आणि नकाशे नेटशिवाय चालतात. वापरायला जरा किचकट, घरी सराव करून घ्या.

मडगांवकार
आमच्याकडे गोव्यात मोटरहोम कधी दिसणार देव जाणे. आमच्या वाड्यावरचा रस्ता बघून नॅव्हीच रडेल 😄

राजेहो_नागपूर
@मडगांवकार महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय की. ताडोबाला या एकदा तशी गाडी घेऊन, वरणभात माझ्याकडे.

मडगांवकार
येतो. मासे मी आणतो.

इटलीवेडी
मित्र इटलीत जाणार आहे ना, मग हे नीट वाचायला द्या ताई. तिथल्या जुन्या शहरांमध्ये झेडटीएल असतात, ठरावीक गाड्यांनाच आत जायची परवानगी. नाक्यावर कॅमेरा, कोणी अडवत नाही. दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी येतं, आणि भाड्याची गाडी असेल तर भाडेवाले त्यांचा कागदी खर्च वर लावतात. वेळा शहरागणिक वेगळ्या, ऋतूप्रमाणे बदलतात. नॅव्हीला सगळं कळतं असं धरू नका. लाल वर्तुळाची पांढरी पाटी आणि "झोना ट्राफिको लिमिटातो" दिसलं की आत न शिरता मागे वळा.

त्यापेक्षा गाडी शहरात न्यायचीच नाही. फ्लॉरेन्सला जाणार असतील तर ए१ मोटरवेवरूनच थेट व्हिला कोस्तान्झाच्या पार्किंगमध्ये शिरता येतं, मोटरहोमला जागा आहे, आणि तिथूनच ट्राम थेट शहरात. वयस्कर माणसांना तर वरदान. माझ्या बाबांचा गुडघा दुखत होता, ट्राममध्ये बसून गेले आणि खूश होऊन आले. आमाल्फीच्या किनारी रस्त्याचं स्वप्न मात्र मोटरहोममधून बघू नका. पोझिटानो ते व्हिएत्री मोटरहोमला दिवसभर मनाई आहे. सालेर्नोहून बोट किंवा बस घ्या.

स्टुटगार्टची_सून
@इटलीवेडी बाबांचा गुडघा आता कसा आहे?

इटलीवेडी
ऑपरेशन झालं, आता जिना चढतात. विचारलंस, बरं वाटलं.

फ्योर्डवाली
नॉर्वेतून. इथे बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत म्हणजे नॅव्ही आंधळा. लेर्डालचा बोगदा २४.५ किलोमीटर, पण त्यात वाट एकच, चालतं. खरी गंमत हार्डांगर पुलापाशी. पुलाच्या दोन्ही टोकांना डोंगराच्या पोटात राउंडअबाउट आहेत, निळ्या दिव्यांचे. तिथे कुठल्या फाट्याला बाहेर पडायचं हे नॅव्ही सांगेलच असं नाही. शेजारी बसणाऱ्याने बोगद्याआधी नकाशा बघून ठेवायचा आणि मोठ्याने सांगायचं. आमच्याकडे हे काम सासऱ्यांचं. एसटीत कंडक्टर होते ते, इतक्या खणखणीत आवाजात गाव पुकारतात की अख्खी गाडी जागी होते. ते शेजारी असले की मी निर्धास्त.

राइनकाठी
सासऱ्यांना दंडवत!

मित्राशी बोलले आत्ता. गाडी ३.५ टनांच्या आतली, २.९५ उंचीची आहे म्हणतो. ७ इंचाचा कॅम्परवाला घेतोय, ओळखीच्यांकडे जुना पण चांगल्या स्थितीत मिळतोय. त्याच्यावर युरोपचे नकाशे जुने असतील, त्याचं काय करायचं?

दख्खनचा_दादा
आयुष्यभर मोफत अपडेटवाला आहे का ते आधी बघा. असेल तर घरच्या वायफायवर रात्रभर लावून ठेवा, नकाशे कित्येक जीबींचे असतात, कॅम्पिंगच्या वायफायवर होणार नाही. मेमरी कमी पडली तर मायक्रोएसडी कार्ड टाका. आणि ट्रॅफिक फोनच्या नेटवर घेणार असाल तर ईयूमध्ये २०१७ पासून रोमिंगचे जादा पैसे नाहीत, पण स्वित्झर्लंड त्यात नाही. तिथून जाणार असतील तर तेवढ्यापुरतं रोमिंग बंद ठेवा.

कोल्हापूरची_पोर
आणि स्टँड विचारा, जुन्या नॅव्हीबरोबर बऱ्याचदा तोच हरवलेला असतो. चार्जिंगची वायर पण ओरिजिनल घ्या, दुसऱ्या कुठल्या वायरने काही नॅव्ही नुसते चार्ज होतात, ट्रॅफिक येत नाही.

राइनकाठी
वायरचं त्याला लगेच कळवते. स्टँड आहे म्हणाला.