पॅराबेनऐवजी ई जीवनसत्त्व चालेल का?

घरी काढलेला कोरफडीचा गर टिकावा म्हणून पॅराबेनऐवजी (क्रीम-लोशनमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते रसायन) त्यात ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालायचा सल्ला काही जण देतात. कृपया त्यावर विसंबू नका. ई जीवनसत्त्व तेल खवट होणं लांबवतं. जंतू आणि बुरशी त्याला दाद देत नाहीत, आणि गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. वास बदलायच्या आधीच त्यात जंतू वाढलेले असू शकतात.

त्यापेक्षा गर थोडाच काढा. पान कापलं की कापलेली बाजू खाली करून १०-१५ मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक पूर्ण निथळू द्या; खाज बहुतेकदा त्यानेच सुटते. मग साल काढून गर धुवा, मिक्सरमधून फिरवा. फ्रीजमध्ये २-३ दिवस, बस. उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि रोज एकच खडा वाटीत वितळवून लावा.