ट्रीमॅपमध्ये मार्जिनप्रमाणे रंग कसा द्यायचा? मदत हवी आहे

रविवार पेठेत आमचं पॅकिंग मटेरियलचं होलसेल दुकान आहे. वर्षभराच्या विक्रीचा एक्सेल २०१६ मध्ये ट्रीमॅप (आकड्यांप्रमाणे लहान-मोठ्या चौकोनांचा चार्ट) केला. विक्री जास्त त्याचा चौकोन मोठा, इथपर्यंत झकास जमलं. (बाबा म्हणाले, "फरशी बसवतोयस का?") पण बबल रॅपचा चौकोन सगळ्यात मोठा आणि मार्जिन त्यातच सगळ्यात कमी, ते चित्रात दिसतच नाही. एक्सेल रंग देतं मुख्य गटाप्रमाणे. मला हवाय मार्जिनप्रमाणे, कमी तिथे लाल. गूगल शीट्समध्ये रंगासाठी वेगळा कॉलम देता येतो म्हणून तिकडे वळलो, तर प्रत्येक ओळीला 'पेरंट' (म्हणजे ती ज्याच्या खाली येते तो वरचा गट) काय लिहायचं इथेच गाडी अडलीय. कोणी चार ओळींचा नमुना टाकेल का? आणि परत आलेला माल मायनसमध्ये आहे, मायनसचा चौकोन काही काढता येत नाही, म्हणजे तो वेगळ्या बार चार्टमध्येच दाखवावा ना?