विषय: पार्ल्यातली अर्धी गल्ली

प्रेषक: पार्लेकर (सध्या मुक्काम मुंबई)
8 जून 2025

मंडळी, नमस्कार.

परदेशातून आईकडे आलोय. पूर्व पार्ल्यातली आमची गल्ली पालिकेनं काँक्रीटच्या रस्त्यासाठी मार्चमध्ये खणली. अर्ध्या रुंदीत काँक्रीट झालं, उरलेली अर्धी बाजू उघडी, आणि 26 मेला पाऊस आला. गेल्या 75 वर्षांत मुंबईत तो इतक्या लवकर आला नव्हता. एरवीची तारीख 11 जून. पालिकेची मुदत 31 मेची होती, त्यामुळे सगळं खापर आता पावसावर फुटतंय. पण आमची बाजू जूनअखेरही झाली नसती. खणल्यावर जुनी पाण्याची लाइन मध्येच लागली. नकाशात ती पलीकडच्या फुटपाथखाली आहे!

परवा शुक्रवारी संध्याकाळी सोसायट्यांनी मिळून इंजिनिअरला बोलावलं. पोरगा सालस, ओरडा खाऊनही आवाज चढवला नाही. कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. तळमजल्यावरच्या आजींनी त्याला हाताला धरून गेटपाशी नेलं. नवा रस्ता त्यांच्या उंबऱ्यापेक्षा चांगला वीतभर वर आलाय.

"पाणी कुठं जाणार रे?"
"आजी, उतार गटाराकडे दिलाय."
"आणि गटार?"
"ते पुढच्या टप्प्यात."

लोक हसले. आजी नाही हसल्या.

आपल्या परदेशातल्या मराठी मंडळानं पालिकेला पत्र लिहावं असं मला वाटतं.

– पार्लेकर

प्रेषक: मुलुंडकर
8 जून 2025

पार्लेकर, तक्रार रास्त आहे, पण काँक्रीटला बोल लावू नका. डांबराचं आणि साचलेल्या पाण्याचं वैर जुनं आहे. पाणी आत शिरलं की खडी सुटते, वरून बस गेली की खड्डा. दर पावसाळ्यात तेच खड्डे बुजवण्यापेक्षा काँक्रीट परवडलं.

घोळ आहे तो आवाक्याचा. मुंबईत रस्ते साधारण 2,050 किलोमीटर. त्यातले 701 किलोमीटर काँक्रीट करायला दोन टप्प्यांत काढले, 324 आणि 377. एवढ्या कामाला मुकादम, मिक्सर, वाहतूक पोलीस आणायचे कुठून? मग एक गल्ली पुरी व्हायच्या आत दुसरी खणतात.

दर्जा तपासायला आयआयटी मुंबईला नेमलंय, पण डोळे तुम्हीही उघडे ठेवा. मिक्सर आला की स्लम्प टेस्ट बघायला उभे राहा. शंकूच्या साच्यात काँक्रीट भरतात, साचा उचलतात आणि ढीग किती खचला ते मोजतात. प्रमाणाबाहेर खचला तर मिश्रणात पाणी जास्त. आणि नंतर पाणी मारणं! काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात, तेव्हा सुरुवातीचे दिवस ते ओलं राहायलाच हवं. तुमच्याकडे गोणपाट अंथरलं होतं का?

प्रेषक: शिवाजी पार्कवाली
9 जून 2025

इंजिनिअरिंग झालं असेल तर एक विचारते. जाब कुणाला विचारायचा? नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्येच संपली. 19 जानेवारी 2023 ला या कामाचं भूमिपूजन झालं तेव्हा 227 पैकी एकही नगरसेवक पदावर नव्हता, जून 2025 उजाडला तरी नाही. आमच्या शहर विभागाचं पहिलं कंत्राट त्याच वर्षी रद्द झालं, तेव्हाही लोकांना पेपरातूनच कळलं. आमचा जुना नगरसेवक फार कामाचा होता असं मी म्हणणार नाही, पण रात्री दहाला फोन उचलायचा. आधी गटार की आधी रस्ता, हे अशा माणसाला घेराव घालूनच ठरतं. इंजिनिअरला घालून काय उपयोग, त्याची उद्या बदली.

आणि मंडळानं पत्र मुळीच लिहू नये. "डॉलरवाले आले शिकवायला" म्हणतील, आणि ते चूक नसेल.

प्रेषक: सचिव
9 जून 2025

लेटरहेडवर पत्र जाणार नाही, मंडळाच्या घटनेत ते बसत नाही. ज्यांचे फ्लॅट आहेत त्यांनी सोसायटीचे सभासद म्हणून सह्या कराव्यात. 'रिप्लाय ऑल' जरा जपून वापरा. काल एका सभासदाची बिर्याणीची ऑर्डर सगळ्या लिस्टला आली.

प्रेषक: पार्लेकर
11 जून 2025

मुलुंडकर, गोणपाट होतं. कोरडं.

ताई, पटलं. पत्र सोसायट्यांच्याच नावानं जाईल. रस्ता नको असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. उरलेली बाजू खणण्याआधी चार ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन पाण्याची लाइन, केबल, गॅस नेमकं कुठं आहे ते नकाशावर उतरवा. आधी गटार, मग काँक्रीट. आणि प्रत्येक गेटपाशी रस्त्याची उंची मोजून सोसायटीची सही घ्या, एवढंच मागितलंय. गल्लीच्या तोंडाशी रेन ट्रीच्या बुंध्याला भिडवून काँक्रीट टाकलंय, तिथली माती मोकळी करा हेही घातलं.

कच्चा मसुदा इंजिनिअरला दाखवला. उंची मोजायला मंगळवारी माणूस पाठवतो म्हणाला. गटार मात्र पावसाळ्यानंतरच. तोवर आजींच्या गेटला वाळूच्या गोण्या लावल्यात.

बी विंगच्या तीन फ्लॅटमालकांच्या सह्या राहिल्यात. त्यातले दोघं याच लिस्टवर आहेत आणि दोघांनीही अजून मेल उघडलेली दिसत नाही. स्कॅन करून आज रात्रीपर्यंत पाठवा, उद्या सकाळी पत्र देऊन पोच घ्यायची आहे.

– पार्लेकर